बाप्पाच्या हातातलं व्हायोलिन

पेणच्या कमळाकर मास्तरांनी उभा जन्म व्हायोलिनवर दुसऱ्यांची साथ करण्यात घालवला. उरलेल्या वेळात ते पेण आणि रोह्याच्या पोरांना शिकवत. स्वतंत्र वादनाचं आमंत्रण पहिल्यांदाच आलं, तेही रोह्याच्या गणेशोत्सवात, चतुर्थीच्या संध्याकाळी. मंडळाला एवढा हुरूप आला, की त्यांनी महिपतीच्या कारखान्यात व्हायोलिन वाजवणारा गणपतीच सांगितला. महिपतीने ते वाद्य कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्याने नमुन्यासाठी मास्तरांचं मागितलं, आणि मास्तरांनी फुशारून पेटीसकट दिलं.

चतुर्थीला सकाळी ते परत आणायला गेले, तर पेटीत नुसता वाजवायचा गज.

“व्हायोलिन कुठाय?”

“बाप्पाच्या हातात,” महिपती शांतपणे म्हणाला. “कारागिरांना वाटलं, तुमी मूर्तीसाठीच दिलाव. वरून बोटं लिंपली, सोनेरी रंग दिला. टेम्पो कालच रोह्याला गेला.”

मास्तरांनी गजासकट पेटी उचलली. धावतपळत त्यांनी एसटी पकडली, पण मंडपात पोचेपर्यंत प्राणप्रतिष्ठा झालेली. भटजींनी सांगून टाकलं, की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नाही, बोटं फोडणं तर दूरच. अध्यक्ष मोरोपंतांना मास्तरांच्या रडवेल्या तोंडाचं नवल वाटलं. प्रत्यक्ष देवाने वाद्य हातात घेतलं, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

कार्यक्रम मोडला तर पुन्हा कोण बोलावणार? रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावची सरू त्यांच्याकडे शिकायची. तिचं लहान मुलांचं व्हायोलिन आणलं. ते हनुवटीखाली धरून, अंग चोरून, मास्तर मूर्तीसमोर बसले. आणि वाजवलं मात्र असं, की मंडपात कोणी खोकलं नाही.

शेवटी माणसं उठली ती हात जोडून, मास्तरांच्या डोक्यावरून मागे बघत. मोरोपंतांनी हार मूर्तीला घातला आणि नारळ मास्तरांना दिला.

“बाप्पा काय वाजवत होते,” ते गहिवरून म्हणाले. “तुमची साथही छान झाली हो.”

अनंत चतुर्दशीला, उत्तरपूजा झाल्यावर, व्हायोलिन सुटलं. वाद्याच्या मानेवर देवाची चार बोटं अजून घट्ट होती. मास्तर ती खरवडत घरी बसले होते, तोच महिपती पेढे घेऊन आला. मास्तरांना वाटलं, माफी मागायला आला असेल.

“मास्तर, पुढल्या वर्षी तसल्याच पाच मूर्ती सांगितल्यात,” तो म्हणाला. “तुमच्याकडं शिकायला पोरं किती येतात?”