तिसऱ्या मजल्यावरचा बर्फ

"जिलबी येणार नसेल, तर मीपण येणार नाही," यामिनीने जाहीर केलं आणि उटीची सहल कुत्रीपाशी येऊन अडली.

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या कंपनीने अमोघला लग्नानंतर प्रथमच सलग रजा दिली होती. ही घटना पुन्हा घडेल असं मानायला त्याच्याकडे कोणताही पुरावा नव्हता. पण जिलबीला ठेवायचं कुठे? यामिनीचे वडील दत्तोपंत घरातच असत, मात्र फिरायला नेताना जिलबी देत असलेले हिसके त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. आणि शेजाऱ्यांशी ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरतीच.

बरोबर नेता येईल का, हे पाहायला प्राण्यांच्या डॉक्टर रम्यांनी जिलबीला तपासलं. "आखूड केसांची, वयस्क कुत्री. हिने जन्मात थंडी पाहिलेली नाही. तिकडे स्वेटर घाला, गार फरशीवर झोपवू नका, अंग ओलं राहू देऊ नका. थरथरली तर लगेच उबेत घ्या."

यातलं दुसरं वाक्य तेवढं अमोघच्या लक्षात राहिलं.

"म्हणजे प्रश्न सवयीचा आहे," तो घरी येऊन म्हणाला. "शरीर हळूहळू जुळवून घेतं. खोलीचं तापमान रोज थोडं उतरवायचं."

"जिलबीला विचारलंस?"

"निरीक्षण करू ना."

एसी एकाच खोलीत होता, आणि ती दत्तोपंतांची होती.

"बाबा, थोडे दिवस हॉलमध्ये झोपाल?"

"का? निफाडच्या थंडीत पहाटे विहिरीवर आंघोळ करणारा माणूस आहे मी, जावईबापू!" दत्तोपंतांनी कानटोपी चढवली आणि ते खोलीतच राहिले. जेवणाचं ताटही आत जाऊ लागलं. जिलबी त्यांच्या पलंगाखाली मुटकुळं करून पडे. हालचाल नाही, तक्रार नाही. अमोघने याचा अर्थ प्रगती असा लावला.

सोळा अंशांवर एसीने हात टेकले. उटीची रात्र त्याच्याही बरीच खाली होती. म्हणून रविवारी सकाळी अमोघने मासळी बाजारातून बर्फाची एक अख्खी लादी मागवली. ती पंख्यासमोर ठेवायची होती.

गोणपाटात गुंडाळलेली लादी लिफ्टमधून ठिबकत वर निघाली, तेव्हा शेजारच्या विजयलक्ष्मी मामी आतच होत्या.

"कोणाकडे?" त्यांनी बर्फवाल्याला विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. मराठी लोकांकडे. आतल्या खोलीत ठेवायचाय म्हणाले."

मामींनी घरी येताच कनकाला गाठलं. ती दोन्ही घरी कामाला होती.

"तात्ता कसे आहेत गं?"

"म्हातारबाबा? चार दिवसांत दिसले नाहीत, मामी. खोलीचं दार बंद असतं. अमोघ अण्णा म्हणतात, उघडू नको, आतली थंडी जाईल."

घरात कोणी गेलं आणि नातेवाईक लांबून यायचे असले, की चेन्नईत आधी बर्फाची नाहीतर थंड पेटीची सोय होते. आणि यांचे नातेवाईक तर पार महाराष्ट्रातून यायचे! मामींना आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

थोड्या वेळाने अमोघने दार उघडलं, तर बाहेर मामी, त्यांच्यामागे अर्धी इमारत, आणि मामींच्या हातात गुलाबाचा भलामोठा हार. लिफ्टमधल्या पाण्याबद्दल बोलायला आले असतील, असं त्याला वाटलं. हाराचा अर्थ लागला नाही.

"सॉरी मामी, आधी सांगायला हवं होतं."

"असू दे रे. अशा वेळी कुठे सुचतं!" मामींनी पदर डोळ्यांना लावला.

"लिफ्ट मी पुसून देतो."

"लिफ्टचं काय घेऊन बसलास, बाळा!"

सगळे हॉलमध्ये जमिनीवर बसले. मामी म्हणाल्या, असा शांत माणूस होणे नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, सोसायटीच्या सभेला वेळेवर येणारे तेवढेच. आणखी कोणी त्यांच्या इंग्रजीचं कौतुक केलं. यामिनी ओले केस पुसत बाहेर आली, तशी मामींनी तिला घट्ट मिठी मारली.

"वडिलांना जपलंस हो तू!"

"काय झालंय बाबांना?" यामिनी किंचाळली.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. दाराच्या फटीशी दत्तोपंत बराच वेळ उभे असावेत. कानटोपी, शाल, ओठ निळसर.

"चालू द्या," ते म्हणाले. "इंग्रजीपर्यंत आला होतात."

हार खाली पडला. दत्तोपंतांच्या पायांमधून जिलबी बाहेर आली. ती थरथर कापत होती. बाल्कनीतल्या उन्हात ती चारी पाय पसरून आडवी झाली, आणि अमोघने हाक मारली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. यामिनीने धावत जाऊन तिच्यावर टॉवेल टाकला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. निरीक्षण संपलं होतं.

अमोघने सर्वांना खुलासा केला.

"कुत्रीसाठी?" मामींनी विचारलं.

"हो."

"अरे, मग माझ्याकडे ठेवा की तिला! सकाळ-संध्याकाळ गच्चीवर चालते मी. तीही चालेल."

"तुम्हाला उगीच त्रास कशाला—"

"एवढा मोठा हार आणला, तो त्रास नव्हता?"

जिलबी उबेत राहणार आणि यामिनी उटीला येणार. अमोघला एकदम हलकं वाटलं.

दत्तोपंतांनी हार उचलून खुर्चीवर नीट ठेवला.

"म्हणजे गाडीतली मागची सीट रिकामी झाली," ते म्हणाले. "आणि मला तर आता सवयही झाली आहे."

अमोघने आशेने यामिनीकडे पाहिलं. ती वडिलांचा स्वेटर शोधायला आत गेली होती.