अर्ध्या मिनिटाची खबर

सकाळी आठ वाजता गाडी हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडली, नरमीन मॅडमने गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि स्टिअरिंगवर बसलेल्या सादल्लाने गाडीचा वेग वाढवला.

मॅडम कैरोच्या एका पर्यटन कंपनीकडून आली होती. या हंगामात कंपनीचे पाहुणे तांबड्या समुद्रावरच्या मार्सा आलमच्या खाली, आमच्या बाजूला, वाळवंट आणि समुद्र बघायला येणार होते. त्यांना हिंडवायचं काम आम्हा अबाब्दा जमातीच्या लोकांपैकी कुणाला तरी मिळणार होतं. आज मॅडम एकटीच पाहुणी होऊन चाचणी घ्यायला निघाली होती. काम मिळालं तर सादल्ला घरी राहणार होता. नाही मिळालं तर शनिवारची बस धरून दूरचं हुरगाडा, तिथल्या एका हॉटेलात रखवालदारी, आणि दोन महिन्यांतून चार दिवस सुटी.

मुलगी सित्तना सात महिन्यांची होती. नुकती बसायला लागली होती आणि बसल्या बसल्या डावीकडे कलंडायची. सादल्लाने मनाशी आडाखा बांधला होता. दोन महिन्यांनी येऊ तेव्हा ती रांगत असेल, चार महिन्यांनी उभी राहत असेल, आणि सहा महिन्यांनी आपल्याला बघून परक्याला बघावं तशी आईच्या मागे लपेल. हे त्याने बायकोला, आमनाला, सांगितलं नव्हतं. आमनाने ते आधीच मोजून ठेवलं होतं.

मॅडमने गुडघ्यावर कागद पसरला. "वाळवंट, एक तास दहा मिनिटं. उंट, पंचवीस मिनिटं. तुझ्या घरी जेवण, बरोबर एक वाजता. कॉफी, पंधरा मिनिटं. कासवं, तीन वाजता."

"कॉफी पंधरा मिनिटं?" सादल्लाने विचारलं. त्याच्या वडिलांना बिया भाजायलाच तेवढा वेळ लागायचा.

"जास्त वाटतात का?"

"नाही नाही. चालतील."

"आणि हे बघ भाऊ, वाटेत कुठे थांबायचं नाही. मागच्या गाइडने एका उंटवाल्याशी पन्नास मिनिटं गप्पा मारल्या. मी गाडीत, उन्हात. काय एवढं बोलत होतास विचारलं तर म्हणतो, पाऊस कुठे पडला ते."

"कुठे पडला होता?" सादल्लाने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"त्याला मी काढून टाकलं," मॅडम म्हणाली.

आता हे तिला कोण सांगणार, की ह्याला गप्पा म्हणत नाहीत. वाळवंटात दोन अबाब्दा समोरासमोर आले की खबर द्यावी लागते आणि घ्यावी लागते. उतरायचं, सावली बघून उकिडवं बसायचं, आणि मग कुठून आलास, वाटेत कोण भेटलं, कोणत्या ओढ्यात चारा आहे, कुणाची उंटीण व्याली, कुणाचा गुडघा कसा आहे. ह्यावर माणसं आणि जनावरं जगतात. खबर आखडती घ्यायची मुभा एकाच माणसाला आहे. ज्याच्या घरात कुणी गेलंय त्याला. मरणाची बातमी उघड्या रस्त्यावर सांडायची नसते. तो माणूस न उतरता नुसतं "खैर आहे", म्हणजे सगळं ठीक, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. ऐकणाराही कोण गेलं म्हणून विचारत नाही. विचारणं म्हणजे दुःखी माणसाच्या तोंडून मरण वदवून घेणं. ऐकणारा गुपचूप साखर घेऊन त्या माणसाच्या घरी जातो आणि मान खाली घालून बसतो.

नऊ वाजता, बाभळीच्या वळणावर, समोरून उंटावर जाबिर मामा आले.

सादल्लाचे सख्खे मामा. सत्तरीचे. त्यांनी लांबूनच गाडी ओळखली, उंट बसवला आणि बाभळीखालची जागा हाताने साफ करायला घेतली, दोघांसाठी. सादल्लाने आरशात पाहिलं. मॅडमचा अंगठा स्टॉपवॉचवर होता.

त्याने काच खाली केली.

"खबर?" मामांनी विचारलं.

"खैर आहे मामा. सगळं खैर," सादल्ला म्हणाला आणि गाडी दामटली.

"अर्धं मिनिट," मॅडम मागून म्हणाली. "शाब्बास."

आपण काय बोललो हे सादल्लाला कळायला अर्धा मैल लागला. कळलं तेव्हा त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पण मागे वळावं तर काम जाणार. मामा म्हातारे आहेत, त्यांना कमी ऐकू येतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मामांना दोन डोंगरांपलीकडचं कोकरू ऐकू येतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

इकडे मामा साफ केलेल्या जागेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग ज्या टेकाडावर फोनला रेंज मिळते तिथे, गुडघे धरत, चढले. किनाऱ्यावर मासे धरणाऱ्या आपल्या मुलाला, ईदला, त्यांनी फोन लावला.

"सादल्लाच्या घरी जा. आईलाही घे."

"काय झालं?"

"त्याने मला खबर दिली नाही."

ईदने पुढे एक शब्द विचारला नाही. जाळं तसंच होडीत टाकलं, आणखी चार फोन केले आणि साखर घ्यायला दुकानात गेला. अकरापर्यंत दुकानातली साखर संपली होती.

सादल्लाच्या घराजवळ रेंज नव्हती. अंगणात त्याचे वडील, अवाद, निखाऱ्यांवर कॉफीच्या बिया परतत होते. त्यांची जबना, म्हणजे कॉफीची मातीची सुरई, मुठीएवढी होती. एका पाहुणीला पुष्कळ. आत आमना एकुलता एक मोठा मासा भातावर निगुतीने मांडत होती. आज हे घर लोकांनी बघण्यासारखं दिसायला हवं होतं. ते तसं दिसावं म्हणून सित्तनाला धुतलेला झगा घातला होता आणि तिने तो दोनदा ओला केला होता.

आधी ईद आला. मग सहा जण. मग अठरा. एकेक जण मुकाट्याने येऊन वाळूत बसू लागला. अवादांना वाटलं, पोराने मॅडमला गर्दी दाखवायला अख्खा किनारा बोलावलाय.

"अरे, सांगून तरी यायचं," ते म्हणाले. "जबना केवढी, तुम्ही किती."

कुणी हसलं नाही. तेव्हा अवादांना पिशव्या दिसल्या. साखर. प्रत्येकाच्या पायाशी साखर.

बिया परतणारा हात थांबला. आपल्या घरी कुणीतरी गेलंय आणि ते आपल्यालाच माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. त्यांनी मनात घर मोजलं. मी इथे बसलोय. सून आत आहे, भांड्याचा आवाज येतोय. नात रडतेय. शेळ्यांसाठी कुणी साखर आणत नाही. मग राहिला कोण? गाडी घेऊन गेलेला.

अवादांनी पागोट्याचं टोक तोंडावर ओढलं. ते पाहून अठरा जणांनी माना आणखी खाली घातल्या. उरलीसुरली शंकाही मिटली.

आत जैनब मामी, जाबिर मामांची बायको, आमनाशेजारी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून गप्प राहिली. मागून बायका येतच होत्या.

"मामी, काय झालं?" आमनाने विचारलं.

"काही बोलू नकोस बाळा," मामी म्हणाली. कोण गेलं हे तिलाही माहीत नव्हतं.

आमनाने दारातून पाहिलं. सासरे अंगणात रडताहेत. मूल मांडीवर आहे. तिलाही मोजणी अवघड गेली नाही. ती मोठ्याने रडली नाही. सित्तनाच्या केसांत तोंड खुपसून, तिला झोप लागावी म्हणून डोलावं तशी डोलत राहिली. मामीला ते बघवेना. मग सगळ्याच बायका रडल्या. बिया जळाल्या. मासाही जळाला.

बरोबर एक वाजता गाडी दाराशी थांबली.

"एक वाजून शून्य मिनिटं," मॅडम म्हणाली. "तू पहिलाच."

 सादल्लाला अंगणभर माणसं दिसली, पिशव्या दिसल्या, आतून आमनाचा हुंदका ऐकू आला, आणि निखाऱ्यांजवळची वडिलांची जागा रिकामी दिसली. अवाद तोंड धुवायला पिंपाशी, घरामागे गेले होते. सादल्ला गाडीतून उतरला, चार पावलं चालला आणि वाळूत बसकण मारून लहान मुलासारखा रडायला लागला. आपण सकाळी खोटं बोललो आणि देवाने ते खरं केलं. एका काँट्रॅक्टसाठी बाप घालवला.

लोकांनी त्याला जवळ घेतलं. ईद त्याची पाठ चोळत होता. मॅडमकडे कुणी पाहिलंच नाही. ती गोंधळून दारात गेली तेव्हा एका बाईने तिचा हात धरून तिला आत ओढलं आणि बसवलं.

पिंपाकडून अवाद आले. घोळक्यात त्यांना मानेवरचा एक ओळखीचा तीळ दिसला.

"तू?" ते म्हणाले.

सादल्लाने वर पाहिलं. "तुम्ही?"

"मी तुलाच रडतोय सकाळपासून."

"मी तुम्हाला."

 मग दोघांच्याही मनात एकच आलं, आतलं तर कुणी नाही ना, आणि दोघेही घराकडे धावले. दारातच आमना उभी होती, काखेत सित्तना. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग दाराशी ठेवलेली साखरेची पिशवी उचलून त्याच्या छातीवर फेकली. पिशवी फुटली.

"अहो सित्तनाचे बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मेला होतात."

एवढ्यात जाबिर मामांचा उंट येऊन टेकला. सगळी गर्दी त्यांच्याकडे वळली.

"मामा," सादल्लाने विचारलं, "कोण गेलं?"

"ते तू सांगायचं. खबर तुझ्याकडे होती."

"कुणीच नाही गेलं, मामा. घाई होती. मॅडमचं घड्याळ होतं."

मामा उंटावरून खाली उतरले. "घड्याळ," ते म्हणाले. "मी चार तास उंट पळवलाय. आता उकिडवा बस. सगळी खबर दे. सकाळपासूनची."

सगळ्यांच्या देखत सादल्लाला खबर द्यावी लागली. ती देईपर्यंत अडीच वाजले. मग मामांची खबर. मग अठरा जणांना वाटलं की आलोच आहोत तर आपलीही देऊन टाकावी. कॉफी पाजल्याशिवाय कुणाला उठवता येत नव्हतं, आणि एकाला तीन पेल्यांहून कमी देणं म्हणजे अपमान. नव्या बिया भाजल्या, कुटल्या, आलं घातलं. मुठीएवढी जबना निखाऱ्यावर चढत होती आणि उतरत होती. जळका मासा चिमूटचिमूट वाटला गेला. पाऊस हमाता डोंगराच्या वरच्या ओढ्यात पडला होता, हेही कळलं. सादल्लाला आता त्या खबरीचं काहीच वाटेना. तीन वाजले. चार वाजले. तिकडे कासवं समुद्रात गवत खात असतील, आणि शनिवार परवावर आला होता.

साडेपाचला तो मॅडमला शोधत आत गेला. ती जैनब मामीच्या खांद्याला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, रुमाल मामीचा. स्टॉपवॉच सित्तनाच्या तोंडात होतं आणि लाळेने चमकत होतं.

"मॅडम, चूक झाली," सादल्ला म्हणाला. "कासवं आता दिसायची नाहीत."

"राहू देत." मॅडमने नाक पुसलं. "मार्चमध्ये माझे वडील गेले. ऑफिसने तीन दिवस दिले होते, मी दोनच घेतले. जो येईल तो विचारायचा, कसं झालं, कधी झालं, कुठल्या हॉस्पिटलात. उत्तरं देता देता रडायचंच राहिलं. इथे मला कुणी काही विचारलंच नाही."

"त्यात विचारायचं काय," जैनब मामी म्हणाली. "तोंडावर दिसत होतं."

मॅडमने कागद काढला. उंट, जेवण, कॉफी, कासवं, एकेकावर फुली मारत खाली आली. सादल्ला फुल्या बघत होता. तळाला ती थांबली आणि काहीतरी लिहिलं.

"काम तुझं," ती म्हणाली. "पण दर गुरुवारी हे ठेव."

"हे म्हणजे?"

"हेच. सगळे येतात, बसतात, कुणी काही विचारत नाही. कैरोत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. परदेशात तर त्याहून असतील."

"मॅडम, पण त्यासाठी कुणीतरी मरावं लागतं."

"आज कोण मेलं होतं?"

सादल्लाने विचार केला. "बहुतेक मीच."

"मग अडचण काय? तू तर इथेच असतोस." तिने बाळाच्या तोंडातून स्टॉपवॉच काढायला हात पुढे केला, बाळाने भोकाड पसरलं, आणि तिने ते तिथेच राहू दिलं. "उद्या सकाळी सांग."

मॅडमला ईद सोडून आला. लोक गेले. अंगणात सतरा पिशव्या साखर उरली आणि घरातली तीन मोठी माणसं.

"जिवंत माणसाचं सुतक," अवाद म्हणाले. "दर आठवड्याला. आपल्यात कधी ऐकलंय का कुणी? अपशकुन तो."

"नाही म्हणून सांगतो," सादल्ला म्हणाला.  "बस शनिवारी सकाळची आहे. आमना, तुला तरी कसं सांगू मी, की दर गुरुवारी माझ्या नावाने रड म्हणून."

आमना सित्तनाला पाजत होती. बाळाचे डोळे मिटत आले होते, म्हणून ती कुजबुजत बोलली.

"तुम्ही बसमध्ये बसलात तर मला रोज रडायचंय. हा एकच वार आहे. मॅडमला सांगा, जमेल म्हणावं."