कौसाबाईंचा उजवा खांदा

आमच्या शेजारच्या कौसाबाई दवाखान्यात जाताना बॅडमिंटनची रॅकेट घेऊन जातात. पिशवीत नाही, हातात. नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि काखेत रॅकेट. कुसगावच्या नाक्यावर रिक्षावाले विचारतात, "मावशी, मॅच कुठंय?" बाई म्हणतात, "डॉक्टरसंगं."

सुरुवातीला मीही हसले होते. आता मला राग येतो. का येतो, ते सांगते.

कौसाबाईंचं वय बासष्ट. रोज सकाळी सहाला देवळामागच्या हॉलमध्ये त्या खेळतात. एका बाजूला त्या आणि त्यांचे यजमान भाऊ, समोर शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या मिसेस. भाऊ देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते, हा नाद तिथला. चौथं माणूस मिळेना म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं. बाईंनी पदर खोचला आणि महिन्याभरात गुरुजींना फुलामागे पळवायला लागल्या. शटलला आमच्याकडे फूलच म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "मावशी, धुणं कमी करा." घरात तीन वर्षं मशीन आहे. दुसऱ्यांनी फोटो काढला, तो स्वच्छ. म्हणाले, "पोळ्या लाटणं बंद." ह्यांच्याकडे रोज भाकरी, आणि ती थापतात, लाटत नाहीत. तिसऱ्यांनी मानेला पट्टा दिला. चौथ्यांनी गॅसची गोळी.

"खांद्यात गॅस," बाई मला म्हणाल्या. "उद्या म्हनंल, टाचंत सर्दी झालीय."

"अहो, पण तुम्ही खेळता ते सांगितलंत का?"

"सांगितलं की. तिसऱ्याला म्हटलं, मी बॅडमिंटन खेळते. तर म्हनतो, नातवाबरोबर का, छान छान. आन् कागदावर लिव्हलं काय, तर घरकाम."

लुगड्यातली बाई म्हणजे धुणं, भांडी नाहीतर पोळ्या. चौथं काही त्यांच्या डोक्यातच येत नाही. एवढं शिकून ही तऱ्हा.

बरं, तो खांदाही लबाड. डॉक्टरांच्या टेबलावर वर जातो, मागे जातो, गोल फिरतो, कुठं म्हणून दुखत नाही. कोर्टवर वीसेक फटके झाले की चमक निघते ती पार कोपरापर्यंत. "हितं गाय, तितं रेडा," बाई खांद्याकडे बघून म्हणायच्या. "एकदा रंगेहात धरते त्याला."

म्हणून ती रॅकेट. तळेगावच्या पाचव्या डॉक्टरांकडे मी सोबत होते. बाईंनी केबिनमध्येच पदर खोचला. "आता नुसतं बघा, मधी बोलू नका," म्हणाल्या आणि हवेत फटके मारायला लागल्या. बाराव्या फटक्याला टेबलावरचा हाडांचा नमुना खाली गेला. सतराव्याला कंपाउंडर आत आला. विसाव्याला बाईंनी खांदा धरला. "हितं. आता दाबा."

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. अर्धा तास प्रश्न विचारले, सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, "आजी, नक्की काय बिघडलंय ते मलाही आत्ता सांगता येत नाही. पण तीन महिने खेळ बंद."

पहिल्यांदा कुणी ऐकून घेतलं, आणि त्यानंच खेळ बंद केला. 

मग सुरू झाली चिडचिड. दूधवाल्यावर, फाटकापुढे गाड्या लावणाऱ्या पर्यटकांवर, कुकरच्या शिट्टीवर. भाऊ सकाळी एकटेच हॉलवर जायचे आणि येऊन पेपर उघडून बसायचे. मी आपली समजूत घालायला गेले. "कौसाबाई, वय झालं आपलं. पुरे की आता खेळ." झालं. चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी मीच गेले. बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या, भाऊ आत पेपरमागे. मी शेजारी बसून लसूण सोलायला घेतला. त्या हळूच म्हणाल्या, "खेळाचं न्हाई ओ ताई."

"मग?"

"लग्नाला एक्केचाळीस वर्सं झाली. ह्यांनी मला कदी नावानं हाक मारली न्हाई. अगं, ऐकलं का, कुटं गेलीस. तवा घरात सासू-सासरे, नाव घेनार कसं? पुढं तीच सवय. कोर्टवर अगं म्हटलं की गुरुजींची मिसेसपन वळायची. फूल पडायचं मधीच. गुरुजीच म्हनले, भाऊ, नाव घ्या की राव. पयल्या दिवशी हे लय लाजले. मग सुरू झालं. कौसा, तुझं. कौसा, सोड. कौसा, मागं हो."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी अगं."

मला भाऊंचा असा राग आला की लसूण टाकून उठलेच. आत जाऊन चार शब्द सुनावणार होते. बाईंनी माझा पदर धरून खाली बसवलं. "सांगायचं न्हाई. सांगून मारलेली हाक मला नको."

"मग तीन महिने काय करणार?"

"डॉक्टरनं उजवा हात बंद केलाय," त्या म्हणाल्या. "डाव्याचं काय बोलला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हॉलवर गेले. बाई डाव्या हातात रॅकेट घेऊन उभ्या होत्या. दहातले नऊ फटके हुकत होते. गुरुजी हलकं मारायला लागले तर त्यांच्यावर खेकसल्या, "दया नका करू, नीट मारा."

गुरुजींनी नीट मारलं. फूल उंच गेलं आणि नवरा-बायकोच्या मधोमध उतरायला लागलं. भाऊंना ते डोळे मिटून घेता आलं असतं. ते एक पाऊल बाजूला सरले.

"कौसा, तुझं," म्हणाले.

बाईंची रॅकेट हवेतच फिरली. फूल मागे पडलं, गुण गेला. एरवी गुण गेला की बाई गुरुजींशी भांडतात, फूल बाहेर होतं म्हणतात. त्या दिवशी त्या मागे गेल्या, वाकून फूल उचललं आणि मुकाट्यानं जाळीवरून गुरुजींना दिलं.