मेबलच्या बाबागाडीतला झेल

"दहाच जण आहोत," जाइल्स दारातूनच म्हणाला, आणि ब्रायनीने गाजराच्या लगद्याचा चमचा मेबलच्या तोंडापाशीच थांबवला. ऑम्स्बी गावच्या क्रिकेट क्लबचा कप्तान बायकोसमोर उभा राहून असं म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर नको असतं. अकरावा गडी हवा असतो.

"मला चेंडूची भीती वाटते."

"तुझ्याकडे चेंडू येतोय कशाला? चेस्टनटच्या झाडाजवळ नुसतं उभं राहायचं. मागच्या वर्षी तिथे पाद्रीबाबा होते. अख्खं प्रवचन लिहून झालं त्यांचं."

मेबलला दात येत होते. कित्येक रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. झोपेत चालावं तशी ब्रायनी आता जागेपणी भिंतींवर आपटत होती.

"मेबल माझ्या शेजारी हवी," तिने अट घातली. "पॅव्हेलियनमधल्या बायकांकडे नाही ठेवायची. त्या तिला केकवरचं क्रीम चाटवतात."

अशा रीतीने सीमारेषेच्या दोरीबाहेर, झाडाच्या सावलीत मेबलची बाबागाडी लागली आणि दोरीच्या आत तिची आई. झाडाच्या फांद्या मैदानात आलेल्या, म्हणून चेंडू झाडाला लागला तर चार धावा, असं दोन्ही कप्तानांनी नेहमीप्रमाणे नाणेफेकीलाच ठरवून टाकलं. बाबागाडीचा विषय कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

चहाच्या सुट्टीनंतर मेबल झोपली. अगदी तोंड उघडं टाकून, गाढ. ब्रायनी तिच्याकडे उपाशी माणसाने ताटाकडे पाहावं तशी पाहत राहिली. थोड्या वेळाने सावली सरकली आणि ऊन मेबलच्या नाकावर आलं. ब्रायनीने गाडी हळूच पुढे घेतली. पुढच्या षटकात पुन्हा थोडी. अशी सावलीच्या मागे मागे बाबागाडी कधी दोरी ओलांडून मैदानात आली, ते कुणालाच कळलं नाही. त्या बाजूला कुणी बघतच नव्हतं.

बघायला कुणाला सवड नव्हती. पाहुण्या क्रॅनफोल्ड संघाची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना पाच धावा हव्या होत्या. ऑम्स्बी हरलं असतं तर पुढच्या वर्षी सर्वांत खालच्या गटात, जिथे सामन्याआधी मैदानातून मेंढ्या हाकलाव्या लागतात.

क्रॅनफोल्डचा खाटीक हॉब्डे याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या कडेला लागून मागे उडाला, आभाळात गेला आणि झाडाला वळसा घालून खाली आला. ब्रायनी धावली, पण चेंडू आधी पोचला. बाबागाडीच्या छतावर थप्प झालं, चेंडू घरंगळला आणि दुलईत पडला.

ब्रायनीने आत डोकावून पाहिलं. मेबल उठली नव्हती. तिने झोपेतच एक सुस्कारा सोडला आणि चेंडू कापडी सशासारखा कुशीत ओढून घेतला.

"फेक! अगं फेक ना!" जाइल्स धावत आला.

ब्रायनीने ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीये."

"ते धावतायत, ब्रायनी."

"हळू धावायला सांग त्यांना."

जाइल्सने गाडीत हात घातला. तिने त्यावर फटकन चापट मारली. "काल पांघरूण घालायला गेलास आणि पहाटेपर्यंत मी अंगणात फिरत होते. हात बाजूला."

काय झालंय ते हॉब्डेला एव्हाना दिसलं होतं. पण चार नातवंडांचा तो आजोबा; धावा सोडवेनात, मूल उठवेना. तो चवड्यांवर धावू लागला. चोरांनी रातोरात कपाट हलवावं तसा तो अगडबंब देह खेळपट्टीवरून जात होता. "ये," तो जोडीदाराला कुजबुजला. "अजून एक. पाय आपटू नकोस, गाढवा."

जवळच उभे असलेले पंच मिस्टर पेटिफर चष्मा सावरत आले. "चेंडू जमिनीला लागला?"

"नाही," जाइल्स म्हणाला.

"झाडाचं आपलं ठरलंय. बाबागाडीचं काही ठरलेलं नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी चेंडू हातात घेतला, तर तो झेल. पण पाच धावा पुऱ्या व्हायच्या आत. तीन झाल्यात."

जाइल्सने बायकोकडे पाहिलं. लग्नाची मागणी घालतानाही तो इतका केविलवाणा दिसला नव्हता.

ब्रायनी मात्र वेगळाच हिशेब करत होती. "क्रॅनफोल्ड जिंकलं तर ते ओरडतील?"

"आभाळ डोक्यावर घेतील."

"आणि आपण जिंकलो तर?"

जाइल्सच्या डोक्यात प्रकाश पडला. "कुणी श्वाससुद्धा जोरात घेणार नाही. माझी शपथ." त्याने मैदानाकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. नऊ जणांनी मुकाट्याने ओठांवर बोटं ठेवली.

ब्रायनीने आपली करंगळी मेबलच्या मुठीत सरकवली आणि दुसऱ्या हाताने चेंडू कणाकणाने ओढला. रोज रात्री स्वतःचा दंड तिच्या मानेखालून ती असाच सोडवत असे. मेबलने ओठ मुडपले. सगळं मैदान थिजलं. मेबलने ओठ सैल सोडले. हॉब्डे पाचव्या धावेसाठी अर्ध्या वाटेवर असताना ब्रायनीने चेंडू वर धरला आणि मिस्टर पेटिफरांनी एकही शब्द न बोलता बोट.

ऑम्स्बीच्या इतिहासातला सर्वांत मोठा जल्लोष मुक्याने झाला. गोलंदाजाने उडी मारली आणि चवड्यांवर उतरला. क्रॅनफोल्डच्या बायकांनी दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. हॉब्डे बॅट काखेत मारून गाडीपाशी आला. "सगळ्या जिल्ह्यात सांगतील," तो पुटपुटला, "हॉब्डेला दुपट्यातल्या पोरीनं बाद केलं."

मग सगळे शांतपणे पॅव्हेलियनकडे निघाले. ब्रायनी एकटीच गाडीशी उरली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढा चेंडू पडला, एवढी पळापळ झाली, आणि पोर हूं की चूं नाही. ही कधी इतकी झोपते? तिने मेबलच्या नाकासमोर बोट धरलं. वारा सुटला होता, काही कळेना. तिने वाकून छातीला कान लावला. तिचे केस मेबलच्या नाकात गेले.

मेबलने असा टाहो फोडला की चेस्टनटवरचे कावळे उडाले.

निम्म्या वाटेवर सगळा संघ जागच्या जागी थबकला. जाइल्सने मागे वळून प्रश्नार्थक भुवया उंचावल्या.

ब्रायनीने मेबलला खांद्यावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ओरडा आता."