बाबांचं बिनहीटरचं घर

नवं घर बांधताना आमच्या बाबांनी एकच छोटा निर्णय घेतला : हीटर बसवायचा नाही. (घर गारठवायला शहाण्या माणसाला एवढं पुरतं.)

"भिंतीत हातभर जाड लाकडी भुशाचं अस्तर, खिडक्यांना तिहेरी काचा. माणसांच्या अंगच्या उबेवर घर चालतं," सल्लागाराचं हे वाक्य ते अख्ख्या गावाला ऐकवत सुटले. आणि त्याच तोंडाने मला म्हणाले, "हेनिंग, कॉलेज सोडलंस, आता घरही सोड."

सोडलं. मित्राच्या मोडक्या सोफ्यावर पाठीचं धिरडं करून घेतलं.

नोव्हेंबरात त्यांचा फोन. "जेवलास का रे?"

आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. मी चक्रावलो. "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"घरी ये. आईने बटाट्याचं सूप केलंय."

(आठवण आली असेल. मी गाढव, डोळे पुसत गेलो.)

दोघं ओव्हरकोट घालून सूप पीत होते. तेवढ्यात आई उठली आणि तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"आई, बाहेर बर्फ पडतोय!"

"मग? सकाळ-संध्याकाळ घराला वारा द्यायलाच हवा. शिळ्या हवेत राहायला आपण काय जनावरं आहोत!"

"अगं, छतातलं यंत्र ऊब राखून हवा बदलतंय की!"

"यंत्राला काय कळतंय स्वच्छता!"

बाबांनी मान डोलावली. वर्षभर अस्तरं निवडत बसलेला हा माणूस! आणि म्हणे आमची पिढी बिनडोक.

"तू त्या उत्तरेच्या कोपऱ्यात बस," बाबा म्हणाले.

"का?"

"सल्लागाराचा हिशेब तीन माणसांचा होता. तू गेलास आणि घर थंड पडलं."

"म्हणजे मी हीटर?"

"कॉलेज पुरं करून तरी दुसरं काय झाला असतास?"

मी पाठ चोळत विचारलं, "माझी खोली परत मिळेल?"

"मिळेल. दार उघडं ठेव, ऊब बाहेर आली पाहिजे."

आठवडाभर मी इमानदारीत तापलो. आई इमानदारीत खिडक्या उघडत राहिली. शनिवारी बाबा भटक्या प्राण्यांच्या आश्रमातून एक अगडबंब केसाळ कुत्रा घेऊन आले.

"याचं अंग माणसापेक्षा गरम असतं," ते खुशीत म्हणाले. "शिवाय उलट बोलत नाही."

मी मुकाट्याने बॅग भरली. निघताना कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. खरंच गरम होता मेला.

उघड्या खिडकीतून वाकून आई ओरडली, "हेनिंग, दार लाव आधी! ऊब जाते!"

लावलं. बाहेरून.