आगाऊ नाव

पूर्वी पुराची खबर तीन दिवस आधी यायची. त्यामुळे वेळ अपुरा पडला, असं लेखी कळवता यायचं. यंदा ढाक्याहून पंधरा दिवसांचा अंदाज येऊ लागला आणि कचेरीच्या हातून तेवढं एक कारणही निसटलं. विज्ञानाच्या या प्रगतीने आपत्ती विभागाचे इश्तियाक तालुकदार मनातून खचले.

अंदाजापाठोपाठ इंजिनाची एक नावही आली. पूर यायच्या आधीच माणसं उचलून नदीकाठच्या उंच बांधावर आणायची, म्हणून कागदोपत्री ती ‘आगाऊ नाव’. तालुकदारांनी ती कचेरीच्या आवारात विटांवर चढवली आणि हिरवी रंगवायला घेतली. सज्जता दिसली पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

हाडगिला चर म्हणजे जमुनेच्या मधोमध साठलेली वाळू आणि त्या वाळूवर पत्र्याची चाळीस घरं. तिथून गावपरिषदेवर निवडून आलेल्या कोहिनूरबानू दुसऱ्याच सकाळी ओल्या साडीचा काठ पिळत तालुकदारांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, पूर येतोय म्हणे. नाव द्या.”

“येतोय असं कोण म्हणालं? साठ टक्के येतोय.”

“म्हणजे कंबरेपर्यंत?”

“आपा, ही शक्यता असते. पंच्याहत्तर टक्के भरल्याशिवाय नाव पाण्यात सोडता येत नाही. उगाच सोडली आणि पूर आलाच नाही, तर डिझेलचं उत्तर कोण देणार?”

“आणि नाही सोडली आणि आला, तर?”

“त्याचं उत्तर कुणी मागत नाही,” तालुकदार खरं तेच बोलले.

कोहिनूरबानू येतच राहिल्या. अंदाजाचा स्वभावच असा की पूर लांब असताना तो चाचरतो, आणि पाणी उंबऱ्याशी आलं की छाती ठोकून सांगतो. टक्के चढत गेले, दिवस उतरत गेले. पंच्याहत्तर भरले तेव्हा पूर तीन दिवसांवर होता आणि नावेच्या आदेशावर सगळ्या सह्या व्हायला आठवडा लागणार होता.

“म्हणजे पूर आल्यावर नाव मिळणार?”

“तेव्हा कशी मिळेल? पूर आल्यावर ती आगाऊ राहत नाही, नियमबाह्य होते. मग तुम्ही मदत विभागात जायचं. ही शेजारचीच खोली.”

“तिथे नाव आहे?”

“तिथे तांदूळ आहेत.”

कोहिनूरबानूंनी खिडकीतून विटांवरच्या नावेकडे पाहिलं. “आणि मी ही आत्ताच ओढून नेली तर?”

“रंग ओला आहे, आपा.”

चरावरच्या माणसांनी मग कुणाची वाट पाहिली नाही. घरं उतरवली, पत्रे बांधले, केळीच्या खांबांचे तराफे जोडले, गाईंना दोरीला धरून पोहवलं. पूर आला तेव्हा त्याला बुडवायला चरावर कोणीच उरलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर तालुकदार पाहणीसाठी बांधावर आले.

“वाहून गेलेली घरं?”

“एकही नाही, साहेब. आम्हीच उचलून आणली.”

“दगावलेली जनावरं?”

“एक बकरी. पण ती म्हातारपणाने.”

“मग नुकसान शून्य. अभिनंदन!”

“आणि तांदूळ?”

“तांदूळ नुकसानीवर मिळतात.” तालुकदारांनी आवाज हळवा केला. “खरं सांगू का आपा, तुम्ही जरा आगाऊपणाच केलात.”

पलीकडच्या चरावरची माणसं अंदाज ऐकून मुरमुरे खात बसली होती. त्यांची घरं गेली, दोन माणसंही गेली. त्यांना नवे पत्रे मिळाले, तांदूळ मिळाले, मंत्री येऊन गेले. हाडगिल्याची माणसं चरावर परतून आपल्या जुन्याच पत्र्यांखाली अळूची पानं उकडून खात राहिली. वेळीच सज्जता केल्याने शून्य नुकसान झाल्याबद्दल तालुकदारांना ढाक्यात ढाल मिळाली. छायाचित्रात ते हिरव्या नावेला टेकून उभे आहेत. नावेला पाणी लागलेलं नाही.

सत्कार माणसाला सुधारतो. पुढच्या वर्षी तालुकदारांनी अट पन्नास टक्क्यांवर आणली, सह्या आधीच घेऊन ठेवल्या आणि अंदाज येताच स्वतः नाव घेऊन हाडगिल्याला पोचले. चाळीसही घरं जागच्या जागी होती. एक पत्रा हलला नव्हता. कोहिनूरबानू दारात पान लावत बसल्या होत्या.

“चला आपा! भरपूर दिवस हातात आहेत. रंगही वाळलाय.”

“कुठे?”

“बांधावर! पूर येतोय. पासष्ट टक्के.”

“येऊ दे की. गेल्या वर्षी कोरडे राहिलो, तर वर्षभर कुणाच्या नजरेला पडलो नाही. यंदा बुडून बघतो.”

“अहो, पोरंबाळं आहेत!”

“पोरांना पूर ओसरल्यावरही भूक लागते, साहेब.” त्यांनी पान तोंडात सारलं. “तुम्ही असं करा, ते फोटोवाले घेऊन या. पण वेळेत आणा हं. पाणी गळ्याशी असेपर्यंतच चेहरा दिसतो.”

तालुकदार रिकामी नाव घेऊन परतले. लाभार्थींचा प्रतिसाद असमाधानकारक, असं त्यांनी त्याच दिवशी कळवलं.

फोटोवाल्यांची काळजी नको, ते वेळेत पोचतील. गळ्याइतक्या पाण्यातली कोहिनूरबानू आपण सगळे सकाळच्या चहाबरोबर पाहू, हळहळू, दोन जुनी पांघरुणं बाजूला काढून ठेवू. गेल्या वर्षीही तिचा फोटो आला होता, आतल्या पानावर. बांधावर बसली होती, पोरं मांडीवर, सगळी सुखरूप. कोरडी होती, म्हणून आपण पान उलटलं.