वसंताची किटली आणि दादरचा पूल

२०२५ साल. मी चौऱ्याहत्तरचा. शिक्षण चौथी, तेही अर्धवट. पण अक्कल कोणाकडून उसनी आणलेली नाही. म्हणून लिहितो.

आमच्या प्रभादेवीच्या चाळीत शेजारच्या खोलीत वसंत कांबळी राहतो. एकटा. माझ्याहून लहान, पण गुडघे माझ्या बापाच्या वयाचे. हा गृहस्थ सायकलच्या हँडलला पाण्याने काठोकाठ भरलेली किटली लटकवून चाळीसमोर फेऱ्या मारतो. मग उतरतो, किटलीत डोकावतो आणि पाणी सांडलेलं दिसलं की सायकलचं मागचं, साखळीचं दातेरी चक्र बदलायला बसतो.

भोईवाड्यात त्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला रोज सकाळी हा उकड्या तांदळाची पेज नेतो. जवळचा पूल पाडायला घेतल्यापासून दादरच्या पुलावरून जावं लागतं. त्या चढाला हिसका बसतो, पेज सांडते. आता जगात घट्ट झाकणाचा डबा नावाची वस्तू निघालेली आहे. पण नाही! साहेबांना किटलीच पाहिजे आणि तिच्यासाठी गियर शोधायचा.

लोक रस्ते नावाने ओळखतात, हा चक्राच्या दातांनी. "ठाकूरद्वार सपाट, मागे सोळा दात बस झाले. वरळीला समोरून वारा असला की तो चढच धरायचा. बावीस लाव."

"अरे, मी आख्खा जन्म एकाच चक्रावर काढला," मी म्हटलं. "चढ आला की उभा राहा आणि मार पायडल!"

"उभा रवलंय की सायकल डुलता."

"मग उतर आणि ढकल."

"पेज थंड होता. थंड ती पियत नाय."

शेवटी त्याने पुढे बशीएवढं आणि मागे ताटाएवढं चक्र बसवलं. पाय मिक्सरसारखे गरगर फिरतात, सायकल मात्र जागची हलते न हलते. भाजीची पिशवी घेतलेली एक आजी त्याला मागे टाकून गेली, तेव्हा आख्खी चाळ गॅलरीत येऊन हसली. चाळीला मीच बोलावलं होतं.

मला पक्का संशय, की हा बहिणीचं नाव सांगून सायकलच्या दुकानात बसतो. एक दिवस पकडायचाच म्हणून बसने पाठोपाठ गेलो. भोईवाड्यातल्या खोलीचं दार उघडंच होतं. म्हातारीची मान उशीवरून उचलत नव्हती. चमचा लावला की पेज गालावरून ओघळायची. वसंत किटलीची चोच तिच्या ओठांना लावून, थेंब थेंब सोडत बसला होता. किटली लवकर संपली.

"आज कमी कित्या रे?"

याची पँट गुडघ्यापर्यंत पेजेने भिजलेली. म्हणाला, "वाटेत भूक लागली गो आक्का. अर्धी मीच पिलंय."

म्हातारी खूश झाली. "बरा केलंस. ल्हानपणापासून खादाडच तू."

मी जिना उतरलो. बस आली, ती सोडली. चालतच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी दादरच्या पुलाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. तो पाय गरगरवत आला. चढ लागताच मी मागून कॅरियरला हात लावला.

"कोण रे तो?"

"पुढे बघ मेल्या, सांडशील."